डेन्मार्कच्या सरकारात दोन पक्ष वाढले तेव्हा

नागपूरच्या बाईने कॅनडातल्या बर्नाबीत बसून डेन्मार्कच्या राजकारणावर पीएचडी का करावी, हे विचारायचं लोकांनी एव्हाना सोडून दिलं होतं. मला त्या देशाचं नवल वाटायचं. तिथे कुठल्याच पक्षाला बहुमत मिळत नाही, तरी कारभार चालतो. तेव्हाचं सरकार तर एकाच पक्षाचं होतं. संसदेत त्याच्या जागा पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी, आणि बाहेरून पाठिंबा देणाऱ्यांपैकी एक पक्ष त्याच्याहून मोठा. असा पक्ष दुसऱ्यांना मंत्रिपदं न देता एकटाच का राज्य करतो, हा माझा प्रश्न. शेवटच्या प्रकरणात मी ठणकावून लिहिलं होतं, की हे सरकार असेतोवर एकपक्षीयच राहील.

त्या वाक्यावर आमचं घर उभं होतं. नवरा सिव्हिल इंजिनीयर, पण माझ्यासाठी कॅनडात आला आणि चार वर्षं एका गोदामात खोकी उचलत राहिला. २०१६च्या उन्हाळ्यात त्याला देशाच्या पार दुसऱ्या बाजूला, मिल्टनमध्ये, त्याच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली. कंपनी जानेवारीपर्यंत थांबायला तयार झाली. डिसेंबरात मी प्रबंध सबमिट करायचा आणि मुलीला घेऊन तिघांनी मिळून जायचं, असं ठरलं. बर्नाबीशेजारच्या कोक्विटलाममधल्या आमच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये निम्मं सामान बांधूनही झालं होतं.

नोव्हेंबरात पाठिंबा देणारा एक पक्ष हटून बसला. जास्त कमावणाऱ्यांचा कर कमी करा, नाहीतर सरकार पाडतो. मी देवापुढे हात जोडून म्हटलं, पाडू दे. पडलं तरी ते एकपक्षीय म्हणूनच पडेल, माझं वाक्य खरं ठरेल. पण पंतप्रधानाने निवडणूक टाळली आणि त्या पक्षाला, शिवाय आणखी एकाला, सरकारातच यायचं आमंत्रण दिलं.

वाटाघाटी चालल्या तो आठवडाभर मी डॅनिश वर्तमानपत्रं शब्दकोश घेऊन वाचत होते. रोज सकाळी वाटायचं, आज फिसकटेल. कुणीतरी रुसेल, कुणाला हवं ते खातं मिळणार नाही. सोमवारी उठून लॅपटॉप उघडला तर राजवाड्यासमोर नवे मंत्री ओळीने उभे होते. आम्ही झोपलो होतो तेव्हाच ते राणीला भेटून बाहेर आले होते.

"काय वाचून राहिली तू इतक्या सकाळी?" नवऱ्याने विचारलं.

"बावीस मंत्री आहेत," मी म्हटलं. "तेरा पंतप्रधानाच्या पक्षाचे, सहा दुसऱ्याचे, तीन तिसऱ्याचे."

परराष्ट्र खातं कुणाला? धमकी देणाऱ्याच पक्षाच्या नेत्याला. न्याय खातं तिसऱ्या पक्षाला. वृद्धांसाठी म्हणून एक नवंच खातं काढलेलं. मी खाली खाली वाचत गेले, जणू शेवटी कुठेतरी लिहिलेलं सापडेल की ही यादी चुकीची आहे. नवरा चहाचा कप माझ्यापुढे ठेवून कामावर गेला.

दुपारी माझ्या मार्गदर्शकांना भेटले. ते खुशीत होते.

"आता तुझा विषय खरा रंगला!" ते म्हणाले.

"सर, मी एक तळटीप टाकते ना. अभ्यासाचा काळ ऑक्टोबरपर्यंतच धरते."

"परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील. हे तिघे एकत्र का आले, कुणी कुठलं खातं का मागितलं, ते शोधायला हवं. नवीन प्रकरण लिहायला लाग." मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाले, "वर्ष तरी जाईल."

मी त्यांच्यासमोर रडले नाही. वॉशरूममध्ये जाऊन नळ सुरू केला आणि रडले.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भांडी घासत होता.

"कंपनीला आणखी थांबायला सांगशील?"

"एकदा सांगितलं होतं. आता नाही थांबणार ते." नळ बंद करून तो म्हणाला, "मी जातो. पोरीला नेतो. तू पूर्ण कर."

"सगळं सोडून देते मी."

"आणि मग आयुष्यभर माझ्याकडे कसं बघशील?"

नऊ वर्षांची मुलगी दारात उभी होती. "सो, मॉम इज नॉट कमिंग?" तिने त्याला विचारलं. मला नाही.

जानेवारीत ते दोघं गेले. त्या हिवाळ्यात आमच्याकडे कधी पडत नाही इतका बर्फ पडला. डोंगरावरच्या कॅम्पसला जाणाऱ्या बसेस बंद व्हायच्या आणि मी बेसमेंटमध्ये दिवसचे दिवस कुणाशी न बोलता बसायचे. कोपनहेगनला मुलाखतींसाठी चाळीसेक पत्रं पाठवली. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने नकार कळवायला. कित्येकदा वाटलं, आज तिकीट काढावं आणि निघावं. मुलगी फोनवर दोन वाक्यं बोलायची आणि बाबाकडे फोन द्यायची.

२०१८च्या वसंतात प्रबंध स्वीकारला गेला. मी मिल्टनला पोहोचले. पहिल्या सोमवारी उठून मुलीचा डबा भरला, पोळीला तूप लावून गुंडाळी केली.

तिने झाकण उघडून पाहिलं. "बाबा डझ इट डिफरंटली," ती म्हणाली. रागाने नाही, एखाद्या पाहुणीला समजावून सांगावं तसं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, गुंडाळी सोडली, पोळीचे चार तुकडे केले आणि डबा तिच्या हातात दिला. स्कूल बस आली. ती दोघं दारापर्यंत गेली. मी ओट्यापाशी उभी राहिले, तुपाचा हात पुसत.