टॉर्च कुणी धरायचा

"आमच्या संसारात माझं काम एकच, टॉर्च धरायचं," असं कॉरल ट्रेम्बाथ येताजाता सांगायची. स्वयंपाक, मुलं, परसातले टोमॅटो ही कामं तिच्या मते कुणीही केली असती. पण गाडीच्या बॉनेटखाली वाकलेल्या नवऱ्याच्या खांद्यावरून, हाताला मुंग्या आल्या तरी न हलता, हव्या त्याच बोल्टवर उजेड पाडायचा आणि वर बोलणीही खायची, हे सगळ्यांना जमण्यातलं नव्हतं.

"अगं इकडे, इकडे! छत कशाला दाखवतेस? छत बिघडलंय का?"

हा लायल. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलरू बंदराच्या धक्क्याजवळ धान्याची जी उंच कोठारं आहेत, तिथली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. कामावर हा माणूस इतका मऊ बोलायचा की साहेबांना "काय म्हणालास?" असं विचारावं लागे. सगळा आवाज तो घरच्या शेडसाठी राखून ठेवायचा. कॉरलही काही गरीब गाय नव्हती. "आधी डोळे बदलून आण, मग टॉर्चला नावं ठेव," असं ती तिथल्या तिथे परतवायची. अशी भांडत भांडत त्या दोघांनी पाच-सहा मोडक्या गाड्या उभ्या केल्या, विकल्या आणि पुन्हा नव्या मोडक्या आणल्या. कुठल्या बिघाडाला आधी कुठे हात घालायचा, हे कॉरलला नुसता उजेड धरून धरून पाठ झालं होतं.

मग लायल निवृत्त झाला. गुडघे कुरकुरायला लागले, शेवटची गाडी मुलगा ॲडलेडला घेऊन गेला आणि शेड रिकामी झाली. आता तीच भांडणं चहाच्या साखरेवरून व्हायची, पण त्यांत पूर्वीचा दम राहिला नव्हता.

त्यातच मागच्या वर्षी, जुलैच्या थंडीत, रॉस डॅडो गेला. रॉस म्हणजे दोन गल्ल्या पलीकडचा, रंगाचा वेडा. चौसष्ट सालची एक होल्डन गाडी त्याने वर्षानुवर्षं खपून नवी केली होती. नुसती नवी नव्हे, वर सुधारलेली: मोठं इंजिन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, विजेवरचा पंखा. रंग तर असा दिला होता की बॉनेटमध्ये पाहून दाढी करावी. एक बोल्ट म्हणून त्याने रंगवायचा सोडला नव्हता. पण गाडी धड सुरू व्हायच्या आधी रॉसच थांबला.

आमच्या गावात शेडचं शटर अर्धं वर असलं म्हणजे 'या', आणि खाली असलं म्हणजे 'आज नको'. रॉसची बायको नोलीन, तिचं शटर कित्येक महिने खालीच होतं. नाताळानंतर एका शनिवारी ते अर्धं वर गेलेलं कॉरलनेच पाहिलं. तिनेच लायलच्या हातात मटण-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टी ठेवल्या आणि त्याला घराबाहेर काढलं.

"जा, बघ जरा. बिचारी एकटी आहे. मे महिन्यातल्या जत्रेत रॉसची गाडी मिरवणुकीत चालवायची म्हणतेय."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हे.

आधी शनिवार-शनिवार जाणारा लायल पुढे एक दिवसाआड जायला लागला आणि मग रोज. दाढी करून जायचा. संध्याकाळी जेवताना कॉरलला सगळा वृत्तांत मिळायचा. "बॅटरी नवी घातली, काही फरक नाही." "स्टार्टर काढून पाहिला, धडधाकट आहे." "सकाळी कण्हत कण्हत सुरू होते. दिवे लावले की तापमानाचा काटा उगाच वर चढतो. एकदा गरम होऊन बंद पडली की मग मिठाची गुळणी."

कॉरलच्या ओठांवर यायचं, अरे, अर्थिंग पाहिलंस का? पण ती घासाबरोबर ते गिळायची. ज्याने तिला हे शिकवलं त्यालाच ती काय शिकवणार? पाहिलंच असेल त्याने.

एप्रिलच्या सुरुवातीला ती पाव आणायला निघाली होती. वाट थोडी वाकडी करून ती डॅडोंच्या गल्लीतून गेली. पावासाठी त्या गल्लीतून जायचं काही कारण नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. अर्ध्या शटरखालून लायलचे बूट दिसले. त्यांना लागूनच नोलीनच्या निळ्या चपला होत्या. आणि आतून लायलचा आवाज आला.

"वा, नोलीन! छान. तिथेच धर. अगदी बरोबर. थँक्यू हं."

 कॉरल पाव न घेताच घरी आली.

तिचा नुसता जळफळाट झाला. हातात हात घालून बसलेली सापडली असती तर बरं झालं असतं, दोघांनाही फैलावर घेता आलं असतं. पण "छान"? "थँक्यू"? उभ्या जन्मात या माणसाने टॉर्चसाठी तिला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. तिने किती थंडीत, किती डास चावून घेत तो धरला होता! आणि ही कालची बाई, जिला पाना कशाशी खातात ते माहीत नाही, ती म्हणे अगदी बरोबर धरते. त्या संध्याकाळी लायलला जेवायला थंड मटण मिळालं. त्याने कारण विचारलं नाही, याचाही तिने मनात राग धरला.

गावाला सांगावं लागत नाही. कॉरल आणि तिची मैत्रीण ग्लेनिस आठवड्यातून दोन दिवस चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात बसायच्या. ग्लेनिसच्या जिभेला हाड नाही.

"काय गं, तुझा नवरा हल्ली डॅडोंच्या पत्त्यावरच मिळतो म्हणे? आमच्या गवत कापायच्या यंत्राचं बघायचं होतं, तर तिकडेच जाऊ का?"

"जा की," कॉरल सदऱ्याची घडी घालता घालता म्हणाली. "परत येताना घेऊन ये त्याला."

"रागावलीस?"

"छे! माझा मेला काय संबंध?" असं म्हणत तिने त्या सदऱ्याची चौथ्यांदा घडी घातली.

नेमकी तेव्हाच नोलीन दुकानात आली. रॉसचे कोट द्यायला आली होती. पिशवी ठेवताना तिच्या बोटाला गुंडाळलेली पट्टी कॉरलला दिसली.

"काय झालं बोटाला?" ग्लेनिसने विचारलं.

"काही नाही गं, भाजलं. काल चोक ओढायला गेले तर त्याची मूठ ही तापलेली! लायलनेच पट्टी बांधून दिली." नोलीन हसली. "किती हलका हात आहे गं त्याचा, कॉरल."

 कॉरलने आपला हात टेबलाखाली घेतला. तिच्याही त्याच बोटावर एक पुसट पांढरा डाग होता.

लग्नानंतर ती दोघं गाडीने फ्लिंडर्सच्या डोंगरांकडे निघाली होती. नवऱ्या मुलाने हौसेने गाडीचं आतलं-बाहेरचं सगळं रंगवून घेतलं होतं. पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडे गाडी बंद पडली. नव्या नवरीने चोक ओढला आणि बोट भाजून घेतलं. लायलने त्या बोटावर फुंकर घातली, मग बॉनेट उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातात टॉर्च दिला. "रंग आड आलाय बघ," तो म्हणाला होता. "विजेला इंजिनातून परत बॅटरीकडे जायला वाट नाही. मग ती चोकच्या बारीक तारेतून घुसते आणि तार तापते. चोक तापला की दुसरं काही शोधायचंच नाही. रंग खरवडायचा, संपलं."

पुढे प्रत्येक गाडीच्या वेळी त्याने हे सांगितलं होतं. मुलांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, गाडीचा विषय नसलेल्या लग्नाच्या जेवणातही सांगितलं. आणि काल त्याने भाजलेलं बोट हातात घेऊन पट्टी बांधली. म्हणजे त्याला बिघाड ठाऊक होता, आणि तरी त्याने तो काढला नव्हता.

"ग्लेनिस, दुकान सांभाळ," म्हणत कॉरल उठली.

घरी जाऊन तिने रिकाम्या शेडमधल्या खिळ्यावरची, दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड जंपर केबल उतरवली, खांद्यावर टाकली आणि थेट डॅडोंकडे गेली. नोलीन तिच्या आधी पोचली होती. शटर अर्धं वर होतं. म्हणजे 'या'. ती वाकून आत गेली.

लायल स्टुलावर बसून कसलासा स्क्रू पुसत होता. पुसण्यासारखं त्या स्क्रूवर काही नव्हतं. तिच्या खांद्यावरची केबल पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तू इकडे कुठे?"

"पाव आणायला आले," कॉरल म्हणाली. "नोलीन, गाडीत बस आणि मी सांगितलं की चावी फिरव."

नोलीन गोंधळून आत बसली. कॉरलने केबलच्या एका टोकाचा चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला. दुसरं टोक घेऊन ती रंगाने झळकणाऱ्या इंजिनावर उघडं लोखंड शोधायला लागली. रॉसने जागाच ठेवली नव्हती. शेवटी इंजिन उचलायच्या वरच्या हुकावर एक खरचटलेली जागा सापडली, तिथे तिने चिमटा घट्ट बसवला.

"फिरव."

इतके महिने कण्हणारी गाडी पहिल्याच फिरकीला गरजली. खिडकीच्या काचा थरथरल्या. "दिवे लाव," कॉरल ओरडली. दिवे लख्ख लागले, पंखा फिरला, काटा होता तिथेच राहिला. नोलीनने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि ती रडायलाच लागली. मग बाहेर येऊन तिने कॉरलला घट्ट मिठी मारली.

"एका केबलने? नुसत्या एका केबलने?" तिने डोळे पुसले आणि लायलकडे वळली. "अरे, मग इतके दिवस तुला कसं नाही सुचलं?"

इंजिन चालू होतं. लायलचे कान लालबुंद झाले होते. नवऱ्याला काय ठरवायचं, लबाड की म्हातारा, हे आता कॉरलच्या हातात होतं. लबाड म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ग्लेनिसने ते शेजारच्या कडीना गावापर्यंत पोचवलं असतं. पण म्हातारा म्हटलेलं याला जास्त लागेल, हे कॉरलइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वय झालं गं त्याचं," ती हळहळून म्हणाली. "हल्ली नाही सुचत त्याला. मीही कुणाला बोलत नाही."

लायलने मान खाली घातली. "हो," तो म्हणाला. "झालो म्हातारा."

"अरेरे," नोलीन म्हणाली, आणि त्या 'अरेरे'ने त्याच्यावर आणखी एक घाव पडला. मग ती गाडी बंद करून बहिणीला फोन करायला घरात पळाली.

दोघंच उरली. कॉरलने चिमटे काढले.

"कधी कळलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग?"

लायलने स्क्रू डबीत टाकला. "ती विचारते गं. 'लायल, हे काय असतं? लायल, ते कशाला?' मी सांगितलं की तोंडाकडे बघत राहते. घरी मला कोण विचारतं? तू तर कधीच विचारत नाहीस."

"मला माहीत असतं म्हणून विचारत नाही!" कॉरलचा आवाज फाटला. "तूच शिकवलंस ना सगळं? आणि शिकले म्हणून ही शिक्षा? न शिकलेलीला 'छान', 'थँक्यू' आणि हळुवार पट्टी! मी काय उगाच उभी होते इतकी वर्षं?"

लायलने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बोटाकडे पाहिलं.

नोलीन चहाचे कप घेऊन परत आली. आता खरी दुरुस्ती करायची होती: इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी सोडवायची, तिच्याखालचा रॉसचा लाडका रंग खरवडून लोखंड उघडं करायचं आणि बोल्ट पुन्हा आवळायचा. लायल गुडघे सांभाळत वाकला, अर्धा बॉनेटखाली गेला आणि सवयीने हात मागे केला. नोलीनने बाकावरचा टॉर्च उचलला.

"आण इकडे," कॉरल म्हणाली आणि तिने तो नोलीनच्या हातातून काढून घेतला.

लायल रंग खरवडायला लागला. "कॉरल," तो आतून अगदी मवाळपणे म्हणाला, "जरा डावीकडे घेशील का? प्लीज."

प्लीज! कॉरलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने टॉर्च उजवीकडे नेला.

"थोडा... डावीकडे म्हटलं होतं. थँक्यू."

तिने उजेड बॅटरीवर सोडला. मग चाकावर. मग सावकाश वर नेत नेत छतावर.

आतलं खरवडणं थांबलं.

"अगं ए बाई!" लायल असा कडाडला की नोलीनच्या कपातला चहा सांडला. "आंधळी झालीस का? जन्म गेला टॉर्च धरण्यात, अजून डावं-उजवं कळत नाही? का बॉनेटमध्ये डोकं घालून मरू मी इथे अंधारात?"

"लायल!" नोलीनने छातीवर हात ठेवला. "असं कसं बोलतोस तिच्याशी? माझ्याशी तर कधी..."

"माझ्याशीच बोलतो तो असं," कॉरल म्हणाली, आणि तिने उजेड नेमका त्या बोल्टवर आणून ठेवला.