दहा मिनिटं म्हैस व्हायचं

गेल्या महिन्यात एका मंगळवारी कोल्हापुरात, सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत, माझ्या धाकट्या लेकीहून लहान असलेल्या मॅडमनी मला सांगितलं, "आज्जी, तुम्ही जरा गप्प बसाल का?" उचगावात मला असं म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नाही…

चौथी शिकलेली बाई आहे मी, मोबाईलवर एका बोटानं लिहितेय. चुका दिसल्या तर तुमच्याजवळच ठेवा.

तर माझी नात ईश्वरी, तिसरीत आहे. बोलताना अडखळते. पहिलं अक्षर चार-चारदा येतं, मान ताठते, डोळे मिटतात आणि शब्द आतच अडकतो.

वर्गात पोरं नक्कल करायला लागली तसं तिनं बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर. आठ वर्षांची पोर मुकी होत चाललेली बघून सून कोपऱ्यात रडायची आणि मी सुनेवर ओरडायची… रडून काय जीभ सुटती व्हय?

घरचे उपाय सगळे करून झाले. वेखंड उगाळून चाटवलं. शेजारणीच्या पोपटाचा उष्टा पेरू खायला घातला, तो तर मीच मागून आणला होता. पोपट अजून शिट्ट्या मारतो, पोरगी होती तशीच. यातलं काही करत बसू नका.

मग शहरात एका खाजगी स्पीच थेरपीवाल्यांकडे गेलो. माणसं चांगली, पण एका बैठकीचे जेवढे घेत होते तेवढ्यात आमच्या म्हशीची आठवडाभराची सरकी पेंड येते. आणि बैठका आठवड्यातून दोन, किती महिने ते सांगता येत नाही म्हणाले. तीनदा गेलो. चौथ्या वेळी मुलगा म्हणाला, "आई, न्हाय जमत गं."

पुढं शाळेत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली… हीच थेरपी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मला खरं वाटेना. फुकट म्हणजे दोन गोळ्या देऊन वाटेला लावतील. तरी पोरीला घेऊन गेले, केसपेपर काढला, नंबर यायची वाट बघत बाकड्यावर बसले.

आत थेरपीच्या मॅडमनी ईश्वरीला विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. "शाळा कुठली?" मी सांगितलं. "खेळायला काय आवडतं?" तेही मीच सांगितलं. त्यानंतर मॅडम जे म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे.

मी तोंड मिटलं. मॅडमनी परत विचारलं, "घरात सगळ्यात जास्त कुणाशी बोलतेस?" पोरगी अडखळली. मॅडम हसऱ्या तोंडानं बघत राहिल्या, घाई नाही काही नाही. माझ्या जिभेवर "आज्जीशी" तयार होतं… पदर तोंडात कोंबून बसले.

"त… त… तानीशी," ईश्वरी म्हणाली.

तानी म्हणजे आमची म्हैस.

मॅडम हसल्या नाहीत. "तिच्याशी बोलताना अडतं का गं?" पोरीनं नाही म्हणून मान हलवली. "का बरं?" या वेळी फार वेळ लागला. शेवटी आलं ते असं… "ती म… म… मधी बोलत न्हाय."

त्याच संध्याकाळी धारेच्या वेळेला मी गोठ्याच्या भिंतीआड उभी राहिले. पोरगी तानीला सगळं सांगत होती. कुणाची कुणाशी कट्टी, बाईंनी कुणाला उभं केलं, आणि आज्जीला दवाखान्यात कसं गप्प बसवलं… एक अक्षर अडलं नाही. म्हैस रवंथ करत ऐकत होती. आठ वर्षांत माझ्या वाट्याला जेवढं आलं नाही तेवढं त्या जनावरानं ऐकलं होतं.

पुढच्या मंगळवारी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तानी करते तेच तुम्ही करायचं. मध्ये बोलायचं नाही, तिचा शब्द पुरा करून द्यायचा नाही, लवकर बोल म्हणायचं नाही. तिच्याकडे बघून नुसतं ऐकायचं."

"म्हंजे मी म्हैस व्हायचं?"

"रोज दहाच मिनिटं, आज्जी."

ईश्वरी इतकी हसली की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. त्या खोलीत हसायला फुकटच होतं म्हणा…

पोरीला मॅडम पहिलं अक्षर हळू, अलगद उचलायला शिकवतात. अवघड अभ्यास मात्र मला दिलाय. पहिले चार दिवस गप्प बसून माझ्या जबड्यात कळा आल्या, खोटं सांगत नाही.

आणि परवा काय झालं… सकाळी मी खाली बसून भाकरीचं पीठ मळत होते. ईश्वरी समोर उभी राहून म्हणाली, "आज्जी, द… द…"

मी हात थांबवले. तिच्या तोंडाकडे बघत बसले. पोरगी नेटानं शब्द धरून होती, मीही पापणी हलवली नाही. "द… दूध…" आलं. प्यायला मागत असेल. मी गप्प.

"उ… उ… उतू चाललंय की गं!"

मागं वळून बघते तर दूध गॅसवरनं ओट्यावर आणि ओट्यावरनं खाली…

सून धावत आली. "आत्ती, हितंच असून बघत काय बसलाय?" म्हटलं, "पोरगी बोलत हुती." ईश्वरी पोट धरून हसत होती. "आ… आज्जी, मी सांगितलं का न्हाय?"

"सांगितलंस बाई. पुरं सांगितलंस."

अडखळणं गेलेलं नाही, मॅडमनी तसा शब्दही दिलेला नाही. पण पोरगी आता दिवसभर बोलते, माझ्या कानाला सुट्टी नाही. ज्यांच्या घरात असं पोर असेल त्यांनी आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, फुकट आहे म्हणून नाक मुरडू नका. त्या मॅडमचं भलं होवो…

दुधाचं काय, संध्याकाळी परत निघतंच.