नलूताईंचे उलटे चेहरे

नलूताई कोणाचाही फोटो हातात घेतला की आधी तो उलटा करत. डोकं खाली, हनुवटी वर. कम्प्युटरवरही तेच. मी त्यांच्या फोटो स्टुडिओत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आतल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक नवरदेव फेट्यावर उभा होता आणि पन्नाशीची एक बाई त्याच्या गालावरचे देवीचे वण बुजवत होती.

"घाबरलीस?" माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं. "चेहरा सरळ असला की आपण माणसाकडे बघत बसतो गं. उलटा केला की माणूस जातो, उजेड उरतो. आपलं काम उजेडाचं."

'माणूस जातो' हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मी दारातच थांबले.

मी परभणीकडची. नववीत शाळा सुटली आणि लग्न होऊन इकडे खाडीकाठच्या पेणकरपाड्यात आले. नव्वदीची शेवटची वर्षं होती. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. गोडदेवच्या रस्त्यावरच्या या स्टुडिओत मी लादी पुसायला आणि फ्रेमला काचा बसवायला लागले. स्टुडिओच्या मालकांनी, शेठनी, कम्प्युटर आणि स्कॅनर आणला होता. त्यावर काम करायला ताईंच्या जोडीला ठेवलेला शिकलेला मुलगा महिनाभरात पळाला, तेव्हा नलूताईंनी मला खुर्चीत बसवलं.

"ताई, ये तो अंग्रेजी भी नहीं पढ़ती," शेठ म्हणाले.

"फोटो कुठे इंग्रजीत असतो, शेठ?"

माउसला हात लावताना माझ्या तळव्याला घाम सुटायचा. काही बिघडलं तर गावी परत जावं लागेल, ही धास्ती कायम. ताई माझ्या हातावर हात ठेवायच्या. शेजारचा रंग उचलून डागावर कसा लावायचा, सावलीला किती हात लावायचा, सगळं त्यांनी असं हात धरून शिकवलं. गिरगावात असताना त्यांनी अर्धं आयुष्य निगेटिव्हवर पेन्सिल चालवून चेहऱ्यांवरचे डाग बुजवले होते, त्यामुळे हात पिसासारखा हलका. "सावली पुसू नकोस हं. सावली गेली की नाक चिकटवल्यासारखं दिसतं." गोरं करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या म्हणायच्या, "करूंगी भैया, पर घरवाली को पहचान में तो आना चाहिए ना!" गिऱ्हाईक हसायचं. ताई मात्र हसायच्या नाहीत.

आमच्याकडे लग्नाच्या फोटोंपेक्षा हाराचे फोटो जास्त यायचे. माणूस गेला की घरातले लोक कुठल्यातरी बारशाचा, साखरपुड्याचा ग्रुप फोटो घेऊन यायचे. त्यातून गेलेल्याला वेगळं काढायचं, मागे निळं आभाळ घालायचं, चेहरा स्वच्छ करायचा. वर चंदनाचा हार. पण ताईंचा एक नियम होता. माणूस बेपत्ता असेल तर त्याचा हाराचा फोटो त्या करत नसत. शेठ चिडले, गिऱ्हाईक ओरडलं, तरी नाही.

"शोधायच्या फोटोत खूण ठेवायची, हाराच्या फोटोत पुसायची," त्या म्हणायच्या. "आणि एकदा हार पडला ना सुनंदा, की शोधणारे घरी बसतात."

त्या हे कुठून शिकल्या, ते मी विचारलं नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू आणि घरात एकट्या. बघून कळायचं ते कळत होतं.

मग एके दिवशी खाडीकाठच्या मुर्धा गावाहून यशोदामावशी आल्या. सोबत त्यांचे दीर. मावशींचा मुलगा जनू खाडीत होडी घेऊन गेला होता. भरतीच्या पाण्याबरोबर होडी परत आली. जाळं नीट घडी घातलेलं, जनू नाही. त्याला पंधरवडा झाला होता. मावशींनी पदराखालून एक फोटो काढला. पुतण्याच्या हळदीतला, मळलेला, कडेला उंदराने कुरतडलेला.

"हाराचा करून द्या," दीर म्हणाले. "माज्या पोरीचं लग्न ठरलंय. घरात असा अधांतरी किती दिस ठेवायचा? तेरावा करून मोकला व्हायचा."

"तू व्हय मोकला," मावशी म्हणाल्या. "माजा पोर हाय. बाय, त्या पलीकडच्या बंदरांवर लावाला फोटो पायजे. शोधायचा."

ताईंनी दोघांकडे पाहिलं आणि फोटो मावशींच्या हातून घेतला. "शोधायचा करते," त्या म्हणाल्या. दीर पाय आपटत बाहेर गेले.

ताईंनी फोटो स्कॅन केला आणि सवयीने फिरवला. त्या दिवशी व्होल्टेज धड नव्हतं. पडदा मध्येच आक्रसायचा आणि जनूचा उलटा चेहरा पाण्यात हलावा तसा हलायचा. मी मान वळवली. ताईंचा हात चालूच होता. जुन्या कागदावरचे ओरखडे, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ, एकेक करून सगळं गेलं. मग चेहरा सरळ करून प्रिंट काढली आणि मावशींच्या हातात दिली.

मावशींनी ती बराच वेळ पाहिली.

"ह्यो माजा न्हाय."

"अहो, तुमच्याच फोटोतला आहे."

"न्हाय बाय. माज्या जनूला भिवईवर वण हाय. ल्हानपनी वल्हा लागलेला. ही भिवई कुनाची हाय?" मावशींनी प्रिंट परत ताईंपुढे सरकवली. "तू बी हाराचाच केलास."

ताईंनी झटकन मूळ फोटो उचलला आणि दाराशी उजेडात सरळ धरला. डाव्या भुवईवर पांढरी तिरपी रेघ होती. उलट्या चेहऱ्यावर ती त्यांना कागदाचा ओरखडा वाटली होती. माणूस गेला होता आणि उजेड उरला होता.

ताईंचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही. त्यांनी मावशींना स्टुलावर बसवलं, स्वतःचा चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि पडद्यावरचा जनू सरळ केला. बोट दाखवून मावशी सांगत गेल्या, ताई करत गेल्या. वण कुठून सुरू होतो, कुठे वाकतो. दुपारभर ताई त्या मुलाच्या डोळ्यांत बघत बसल्या होत्या. मध्येच चष्मा काढून पुसायच्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मला हेच टाळायचं होतं गं."

फोटो बंदरांवर लागले. आठवड्याने मावशी एकट्या आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. खाडीच्या पलीकडच्या एका गावातून निरोप आला होता. पाण्याने वाहून आणलेलं एक प्रेत तिथे लोकांनी अगोदरच मातीत घातलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता म्हणे, पण वणाची भुवई राहिली होती. फोटो पाहून तिथल्या एका म्हाताऱ्याला ती आठवली.

"आता कर हाराचा," मावशी म्हणाल्या. "पन वण पुसू नको."

ताईंनी केला. खूण ठेवून केलेला हाराचा फोटो आमच्या स्टुडिओतून तेवढा एकच गेला.

त्यानंतर ताई कमी बोलू लागल्या. एकदा दुपारी त्यांनी पर्समधून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. अर्धा कापलेला लग्नाचा फोटो. फक्त नवरदेव.

"कामावर म्हणून गेला आणि आलाच नाही. सासऱ्यांनी माझ्याच हातून हाराचा फोटो करून घेतला. पेन्सिलने हनुवटीवरचा चामखीळ मीच काढला होता. मग कोण शोधणार?" त्यांनी खुर्ची माझ्यासाठी मोकळी केली. "तू शोधायचा कर, सुनंदा. मला सरळ ठेवून जमणार नाही."

मी स्कॅन केला, सवयीने बोट फिरवायच्या बटणाकडे गेलं. पण मी तो फोटो फिरवला नाही. चामखीळ तसाच ठेवला, कानाजवळची सावलीही ठेवली. ताई पाठीमागे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. प्रिंट हातात दिली तेव्हा त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "शिकलीस."

प्रतींचं बंडल घेऊन त्या गेल्या. कुठली बंदरं, कुठली स्टेशनं, सांगितलं नाही. आधी दोनदा परत आल्या, काळवंडलेल्या, सुकलेल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत. त्यांच्या खोलीचं कुलूप पुढे घरमालकाने तोडलं.

आज ज्या कामावर माझं घर उभं आहे, ते ताईंच्या हाताने माझ्या हातात घातलं. माझ्याकडे त्यांचा एकच फोटो आहे. शेठचा मेव्हणा पहिला डिजिटल कॅमेरा घेऊन आला होता, तेव्हा मी चाचपडत काढलेला. ताईंनी ऐन वेळी मान वळवली होती. नाकावर चष्म्याचे दोन लाल व्रण, डाव्या भुवईत एक पांढरा केस, बाकी धूसर.

मुलगा परवा म्हणाला, "आई, हा साफ करून भिंतीवर लाव ना. तुझ्या गुरू होत्या त्या. हार मी आणतो."

"हार नको," मी म्हटलं. फोटो पडद्यावर सरळ उघडला आणि व्रणांना हात न लावता शोधायच्या प्रती काढायला घेतल्या.