येतो म्हणून गेलेली पिकअप

मुलाने फोनवरून जाहिरात टाकली, 'कस्टमाइज्ड व्हिंटेज पिकअप विकणे आहे.' मी म्हटलं, व्हिंटेज काय मेल्या, जुनी म्हण की सरळ. तो म्हणाला, आई, जुनी म्हटलं की भंगारवाले येतात, व्हिंटेज म्हटलं की शौकीन येतात. शेवटी दोन्ही आले. कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगखाली महिनाभर नुसती जत्रा. चहा करून करून माझा जीव मेटाकुटीला आला.

ही गाडी म्हणजे आमच्या ह्यांचं रिटायरमेंटनंतरचं खूळ. उभा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात मेंटेनन्सला काढला, तरी यंत्रांचा सोस फिटला नाही. वांगणीकडच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर ही पिकअप गवतात रुतून पडली होती. घरी आणली तेव्हा आत पिसं होती. मग उल्हासनगरच्या फेऱ्या सुरू. फर्निचरवाल्या सुताराकडून मागच्या हौद्याला सागवानी फळ्या, जीन्स शिवणाऱ्या कारागिराकडून सीट कव्हरं. त्या बहाद्दराने कव्हरांना पाठीमागे खिसेसुद्धा ठेवले, एकाला तर चेन. रंग मोरपंखी. मी म्हटलं, ह्यात बसून मी कुठे यायची नाही. गेले, अर्थात. बारवी धरणाच्या रस्त्याला, वरच्या वाडीतून तांदूळ आणायला, मागे पोती आणि पुढे आम्ही दोघं. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

मग ते विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. एकदा बेलवलीला माझ्या बहिणीकडे डबा द्यायला निघाले ते सापडले पार जांभूळ गावात, पाण्याच्या प्लँटच्या गेटपाशी. इंजिन चालू, डबा मांडीवर, आणि वॉचमनला विचारतायत, "माझं घर कुठे आहे हो?" त्याने ह्यांच्याच फोनवरून मला फोन लावला म्हणून बरं. डॉक्टरांनी ह्यांचं गाडी चालवणं बंद केलं. मी किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. पण गाडी दारात आणि किल्ली नाही, म्हणजे रोज सकाळी घरात महाभारत. "किल्ली चोरलीस तू!" हो, चोरली. कुणाला चिरडलं असतं तर? स्वतःच कुठे जाऊन आदळले असते तर? विकल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

त्यांना विचारून विकली, एवढं सांगून ठेवते. एका बऱ्या दिवशी शेजारी बसून समजावलं. म्हणाले, "बघ बाई, पण माणूस नीट बघ." सहीसुद्धा स्वतः केली.

माणूस नीट मिळाला. उल्हासनगरचा सिंधी गृहस्थ, चाळिशीचा, कापडाचं दुकान आणि बारवीकडे फार्महाउस. गाडीभोवती फिरला, सीटच्या खिशात हात घालून खो खो हसला, फारशी घासाघीस केली नाही. ह्यांनी त्याच्या शेजारी बसून त्याला शिकवलं, दुसरा गिअर ओढून घालायचा नाही, जरा लाडीगोडीने टाकायचा. तो बिचारा "हां अंकल, हां अंकल" करत राहिला. मग हे उतरले, त्याने गाडी सुरू केली आणि खिडकीतून म्हणाला, "चलो अंकल, मैं जाता हूँ."

हे भडकलेच. "जातो म्हणतात का दारातून निघताना? येतो म्हणावं!"

त्याने कान पकडले. "सॉरी अंकल. येतो."

"हां. ये."

आणि गाडी गेली.

संध्याकाळी बघते तर हे खाली. आमच्या जागेवर शेजाऱ्यांनी स्कूटर लावली होती, ती ढकलतायत. "गाडी येईल ना आता. येतो म्हणालाय तो." मी कपाळावर हात मारला. अहो, निघताना माणूस येतो म्हणतो, ते काय खरं धरायचं असतं? पण ह्यांच्या लेखी त्याने शब्द दिला होता. विकणं, सही, सगळं पुसलं गेलं, तेवढा 'येतो' राहिला.

पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. "अहो, विकली आपण." प्रत्येक वेळी त्यांना ते नवीन. प्रत्येक वेळी चेहरा पडायचा, "मला न विचारता?" म्हणायचे आणि पानावरून उठायचे. तीच वाईट बातमी रोज द्यायला काळीज दगडाचं लागतं. माझं नाही. मग मीही म्हणायला लागले, "येईल हो, रस्त्यात असेल." ते खाली जागा अडवून उभे राहतात, शेजारी कुरकुरतात, मी सगळ्यांची माफी मागते आणि ह्यांना वर आणते. रोज. थकले मी, खरंच थकले. मुलगा फोनवर सांगतो, आई, पेशन्स ठेव. ठेवते बाबा, कुठे ठेवायचा तेवढं सांग.

काल मात्र ते खाली गेलेच नाहीत. मला हायसं वाटलं, म्हटलं, सुटले एकदाची. घरात भाजी नव्हती. पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून सवयीने म्हटलं, "येते हं."

ते खुर्चीतून उठले. इतक्या घाईने कित्येक दिवसांत उठले नव्हते. माझ्या हातातली पिशवी घट्ट धरली.

"तसं नको म्हणूस," म्हणाले. "तोही असंच म्हणाला होता."