अण्णांचे दोन शब्द आणि माझा ॲम्प्लिफायर

सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला माईकची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यानंतर सासुरवाडीनं माझ्याकडे कसलीही जबाबदारी दिलेली नाही.

कॉलेजात असताना मला ग्रंजचं वेड लागलं. ग्रंज म्हणजे फाटकी जीन्स, चौकटीचा ढगळ शर्ट आणि खरखरत्या गिटारवर मनातली ठसठस बोंबलून सांगणं. पुढे केस गेले, पोट आलं, पण गिटारचा ॲम्प्लिफायर मी माळ्यावर जपून ठेवला. "आजची पोरं फाटक्या जीन्स घालतात ना, ते आमच्यामुळे!" असं मी प्रत्येक लग्नकार्यात सांगतो. (कुणीही विचारलेलं नसतं.)

"अहो, कार्यालयाचा माईक आहे की," बायको म्हणाली.

"त्यांना काय कळतंय आवाजातलं! माझा ॲम्प्लिफायर लावू."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, जन्माचे अबोल. उभ्या संसारात माईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, "चहा" आणि "पिशवी कुठंय" यापलीकडे फारसं बोलले नसावेत. पण त्या दिवशी त्यांना सगळ्यांसमोर माईंबद्दल दोन शब्द बोलायचे होते. महिनाभर गच्चीवर सराव चालला होता बिचाऱ्यांचा!

"जावईबापू, हिला हल्ली ऐकू कमी येतं. आवाज पोचेल ना?"

"अण्णा, गंगेपलीकडे पोचेल!"

पंचवटीतल्या कार्यालयात गुरुजींचे मंत्र खणखणीत झाले. मी कॉलर ताठ केली. बायकांनी एक्याऐंशी दिव्यांची ताटं उचलली आणि अण्णा माईक घेऊन उठले. आता, घाबरले की अण्णा पाय आपटतात. आणि नेमकं त्या पायाखाली माझ्या गिटारचं पेडल होतं. ते दाबलं की चांगला आवाज फाटून गुरगुरायला लागतो. (ते काढायचं मी विसरलो होतो.)

"माई..." अण्णा म्हणाले.

"म्म्मॉर्र्र्ईईई!" कार्यालय हादरलं. ताटातले दिवे थरथरले. गुरुजींनी दर्भासकट बोटं कानात घातली!

"अहो, बंद करा ते!" बायको किंचाळली. मी धावलो, बटण फिरवलं. उलटं! आवाज दुप्पट झाला. अण्णा बोलायचे थांबेनात, कारण पाठ केलेलं मध्येच तुटलं असतं तर पुढचं आठवलं नसतं. "तू होतीस म्हणून माझं निभावलं," हे वाक्य जखमी रेड्यानं म्हणावं तसं बाहेर पडलं. शेवटी मी वायर उपटली. ती पंख्यांची निघाली.

भाषण संपलं. अण्णांनी घामेजल्या चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि "महिनाभर..." एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याच्या जन्मातलं एकुलतं एक भाषण मी मातीत घातलं होतं!

तेवढ्यात माई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "गप्प का सगळे? किती छान बोलले हे! कितीतरी दिवसांनी शब्दन्‌ शब्द ऐकू आला मला."

अण्णा लाजले. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

चार दिवसांनी बायकोच्या भाचीचा फोन आला. ती कॉलेजच्या बँडमध्ये गाते, आणि अंगात चौकटीचा ढगळ शर्ट घालते. "काका, समारंभाचा व्हिडिओ बँडमध्ये सगळ्यांनी पाहिला. असला आवाज आम्हाला वर्षभर जमला नाही! आम्हाला आजोबा हवेत!"

"आणि गिटारला?" मी पोट आत घेऊन विचारलं.

"नको हो काका. तुम्ही फक्त वायरी... नाही, वायरींना हातच लावू नका. आजोबांची पाण्याची बाटली धरा."

सध्या मी बाटली धरतो. झाकण अण्णा स्वतः उघडतात.