गुणाजी गवंड्याचा पहिला प्रश्न

हल्ली गुणाजी गवंड्याबद्दल माझ्या दुकानात एकच तक्रार येते. माणूस कामाचा आहे, पण विचारून विचारून डोकं खातो. ओट्यापाशी उभं कोण राहणार, बाथरूमची कडी कुठल्या हाताला हवी, म्हातारं माणूस कुठं झोपतं. परवाच एक पुण्याचे गृहस्थ वैतागून आले होते. मी म्हटलं, "साहेब, विचारतोय तोवर नशीब समजा." माझं दुकान हरिहरेश्वरच्या रस्त्याला आहे; सिमेंट, पाइप, लादी, रंग असलं सगळं मिळतं. घर दुरुस्तीला काढलेली माणसं रोज इथं येऊन एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. मालक म्हणतात गवंड्याला अक्कल नाही, गवंडी म्हणतो मालकाला एक मत नाही. मी दोघांचं ऐकतो आणि दोघांनाही माल विकतो.

हाच गुणाजी पूर्वी तोंडातून शब्द काढत नसे. तो मूळचा तळा गावाकडचा. मिसरूड फुटायच्या आधीच मामाबरोबर नवी मुंबईत टॉवरच्या कामावर गेला. तिथल्या मुकादमाचा खाक्या असा, की जो विचारतो त्याला काम येत नाही, त्यानं गावी जावं. गुणाजीनं ते असं मनाला लावून घेतलं, की इकडं येऊन स्वतःची कामं धरल्यावरही त्याला कुणाला काही विचारणं कमीपणाचं वाटायचं. मालक बोलेल त्यावर "व्हय" म्हणायचं आणि पुढचं आपल्या अंदाजानं करायचं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, म्हणून खोड मोडली नाही.

ती मोडली धर्माजीकाकांच्या घरात. धर्माजीकाका माझे शेजारी. घरामागं त्यांची पोफळीची वाडी आहे. अर्धांगाचा झटका येईपर्यंत या माणसानं ती वाडी एकट्यानं शिंपली, आणि शिंपताना झाडांनासुद्धा शिव्या घातल्या. झटक्यानं उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. वॉकर धरून घरातल्या घरात चालायचे, पण घराचं जोतं उंच, पुढच्या पायऱ्या उभ्या. त्यामुळे माजघरातली खाट आणि समोरची भिंत, एवढंच त्यांचं जग उरलं. काकांच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडलं, की काशीकाकू त्यापुढची चार वाक्यं स्वतःच बोलून टाकायच्या.

मुलगा ऋत्विक ठाण्याला नोकरीला. पोरगा मायाळू आहे. बाबांना कुणाच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता यावं, एवढ्यासाठीच त्यानं घर दुरुस्तीला काढलं. पुढच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्लेली होती. ती काढून तिथं खिडकी करायची, नवी सागवानी चौकट बाजूच्या भिंतीत बसवायची आणि तिथून रस्त्यापर्यंत उतार काढायचा, असा त्याचा बेत. हे त्यानं गुणाजीला अंगणात उभं राहून हातवारे करत सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "तुम्हाला कळतंच की." गुणाजी म्हणाला, "व्हय."

मग चौकटीचा मुहूर्त निघाला. ऋत्विक आणि त्याची बायको आरोही सकाळी येऊन संध्याकाळच्या आत परतणार होती. बाजूची भिंत अजून फोडली नव्हती, म्हणून सुतारानं आणलेली नवी चौकट गुणाजीनं तात्पुरती, जुनी काढून मोकळ्या झालेल्या पुढच्या दारात उभी केली होती. भटजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं. ते आले, चौकट दिसली तिथंच पूजा उरकली. हळदकुंकू लागलं, आंब्याचा टाळा बांधला, नारळ फुटला. मीही शिरा खाऊन आलो. चौकट इथंच का, असं कुणी विचारलं नाही.

ऋत्विकच्या लेखी पूजा चौकटीची झाली. ती कुठं बसायची हे तर आधीच ठरलं होतं. गुणाजीच्या लेखी पुजलेली चौकट हलवत नाहीत, तेव्हा मालकाचा विचार बदलला. मालकांचे विचार बदलतातच. त्यानं ती पुढच्या दारातच पक्की केली. बाजूची भिंत आता रिकामीच राहणार, म्हणून पाण्याच्या टाकीचा चौथराही तिला लागून बांधून काढला, कारण टाकी नेमकी कुठं बसवायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला ऋत्विक आला आणि अंगणातच किंचाळला. आवाज माझ्या दुकानापर्यंत आला, तसा मी धावलो.

"तुम्हाला दार बाजूला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. मंग पूजा पुढं केलीत. मला वाटलं इचार बदलला."

"मग विचारायचं होतं!"

"तुमी सांगायचं व्हतं!"

काशीकाकूंनी चौकटीला हात लावला. "पुजलेली चौकट उपटायची न्हाय. घरात आधीच आजारपण हाय." आरोही म्हणाली, चौकट राहू दे, चौथरा पाडून तिथं दुसरं दार करू. आपलं ताजं बांधकाम पाडायचं म्हटल्यावर गुणाजीचा चेहरा लालबुंद झाला. "मोडायला दुसरा मानूस बघा," म्हणून तो चालता झाला. ऐन हंगामात दुसरा गवंडी कुठून मिळणार? काम अडून पडलं. ऋत्विक आणि आरोहीही तणतणत ठाण्याला निघून गेली आणि खाटेवर पडून सगळं ऐकणाऱ्या धर्माजीकाकांनी भिंतीकडं तोंड केलं. दोन घासांच्या पलीकडं जेवेनात. मला सगळ्यांचा संताप आला. ज्याच्यासाठी हे घर उकरलं, तो माणूस आतल्या आत विझत चालला होता.

गुणाजी आपली थापी, ओळंबा आणि फळ्या न्यायला आला, तेव्हा मी टेम्पो घेऊन बरोबर होतो. माजघरातून जाताना काकांनी त्याला पाहिलं आणि चांगल्या हातानं खाट बडवायला लागले. तोंडातून नुसता आवाज निघत होता.

काशीकाकू म्हणाल्या, "ते म्हनतात, पोराचं मनावर घेऊ नको, काम पुरं कर, चौथरा ऱ्हाऊ दे..."

काकांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. गुणाजी तसाच उभा राहिला. मग फळ्या खाली ठेवल्या, खाटेशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, तुमी नका बोलू. काका, तुमाला जायाचं हाय कुठं?"

त्याच्या तोंडून निघालेला प्रश्न मी तरी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. काकांना वेळ लागला. आम्ही थांबलो. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"वा... वाडीत."

आणि मग अडखळत, थांबत, त्यांनी सांगितलं. रस्त्याला जायचं नाही. वाकडं तोंड घेऊन लोकांत बसायचं नाही. वाडीत जायचंय.

लाज वाटली मला. रोज दुकानाच्या कट्ट्यावरून त्यांची चौकशी करणारा मी, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

गुणाजी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेला. मागं जमीन चढती, जोतं जेमतेम दोन पायऱ्यांचं; तिथून वाडीत सहज उतार निघत होता. ना चौकट हलवायची गरज, ना चौथरा पाडायची. मग तो सुटलाच. धरायला नळी कुठल्या बाजूला हवी, वॉकरचे पाय किती फाकतात, पाय कुठं घसटतो. काका मान हलवून, हात दाखवून उत्तरं देत होते. शेवटी त्यानं स्वतः ऋत्विकला फोन लावला. काकांना कुठं जायचंय ते सांगितलं.

"मला वाटलं, बाबांना माणसांत बसायचं असेल," ऋत्विक म्हणाला.

"मलाबी बरंच काय काय वाटलं व्हतं," गुणाजी म्हणाला. माफी कुणी कुणाची मागितली नाही. मी सिमेंट पाठवून दिलं.

उतार तयार झाला त्या रविवारी ऋत्विक आणि आरोही आली. पाय घसरू नये म्हणून गुणाजीनं उतारावर आडव्या खाचा मारल्या होत्या, डाव्या हाताला लोखंडी नळी लावली होती. काकूंनी दंड धरला, तो काकांनी झटकला. नळी धरून, पाय ओढत ते हळूहळू खाली गेले. पहिल्या पोफळीशी पोचले आणि खोडावर तळवा टेकून उभे राहिले. मला रडू आलं आणि ते मी पुसलंही नाही. गुणाजी आमच्याकडं पाठ करून उगाच थापी धूत होता.

तेवढ्यात काका ओरडले. "पाट! पाटात... राबिट... कोनी टाकलंन?"

वाडीला पाणी नेणारा पाट गुणाजीच्या माणसांनी विटांच्या तुकड्यांनी भरून टाकला होता. काकांचा चेहरा रागानं फुलला. झाडांना घालायचे तशी एक शिवी त्यांनी गुणाजीला घातली, अगदी स्पष्ट. गुणाजीनं दोन्ही कान पकडले.

ऋत्विकनं भिंतीला टेकलेलं फावडं उचललं आणि बापासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, कुठपर्यंत साफ करू?"

काकांनी चांगला हात वर केला आणि पार शेवटच्या पोफळीकडं दाखवला. ऋत्विकनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाटात उतरला.