मिटल्या डोळ्यांचा नाझारेनो

नाझारेनो आंधळा झाला, ही बातमी मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत उगवली. कारंज्यापाशी त्याचा एक डोळा गेला होता. चर्चच्या दारापर्यंत दोन्ही गेले, आणि कारणही मिळालं: उघड्यावाघड्या देवतांच्या शेजारी चाळीस वर्षं उभा राहिला, कोणती तरी कोपली. दोन घरी ती मी स्वतः पोचवली, नाही कशाला म्हणू? दुपारी पाहते तर भाजीवाल्याच्या टोपलीतल्या शंभर आर्टिचोकांमधून हा गृहस्थ नेमका सगळ्यात टपोरा उचलतोय. डोळे ठणठणीत होते. फक्त सकाळी ते घट्ट मिटून, हात पुढे पसरून तो गल्लीतून चालत गेला होता आणि मासळीवाल्या एर्सिलियाच्या वाम माशांच्या पाटीत जाऊन बसला होता.

नाझारेनो चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसतो. डोंगरातल्या गावाहून खेचरामागे चालत रोममध्ये आला, तेव्हा विशीचा होता. तेव्हापासून तो सेनापती झाला, दोनदा नदीचा देव झाला, आणि सुऱ्यांचे वार खाऊन मेला तर इतक्या वेळा, की एर्सिलिया त्याला विचारायची, "आज जिवंत की मेलेला? मेलेला असशील तर उधारी देत नाही." परदेशी चित्रकार त्याच्या नाकावर लट्टू. अस्सल प्राचीन रोमन नाक, म्हणायचे. ते त्याच खेचराच्या लाथेने वाकलंय, हे आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. दूरदेशीच्या राजवाड्यांत आता अर्धे रोमन सरदार खेचराची लाथ मिरवत उभे आहेत.

पण गुडघे गेले. लढणारा नको, मरणाराही नको, कारण मेलेल्याला जमिनीवरून परत उठता येईना. उरलं एकच काम. म्युनिकहून आलेले चित्रकार, आम्ही त्यांना सोर लुदोविको म्हणतो, मोठं चित्र काढत होते: ग्रीक राजाची मेजवानी, मध्ये आंधळा म्हातारा गायक, शेजारी पेला घेऊन आलेली दासी. गायक नाझारेनो. आठवडाभर बसवून सोर लुदोविको म्हणाले, "तू आंधळा दिसत नाहीस. डुलकी लागलेला पाद्री दिसतोस. शनिवारपर्यंत जमव, नाहीतर मी दुसरा म्हातारा बघतो."

हे काम गेलं की गावी मेहुणीकडे जाऊन राहायचं, दुसरी वाट नव्हती. आणि इथेच घोडं अडत होतं. त्याची बायको सेत्तिमिया, तिची नजर दोन हिवाळ्यांत पुरती गेली. पण आमच्या गल्लीत ते कळत नाही. कारंजं किती पावलांवर, कुठला दगड उखडलाय, माझी इस्त्री तापलीय की नाही, सगळं तिला ठाऊक. दुसरीकडे नेली की ती आंधळी होणार. इथे ती नुसती सेत्तिमिया आहे.

गंमत बघा, घरात खरीखुरी शिकवणारी असून हा बाबा गल्लीत धडपडत होता. तिच्याकडे टक लावून शिकायची त्याला लाज वाटत होती. ती लाज मी मोडली. म्हणजे इस्त्रीचे कपडे द्यायला गेले आणि तोंडातून सगळं सांडलं.

सेत्तिमिया वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत.

"नाझारेनो, इकडे बस," ती म्हणाली. "कसा आंधळा होतोस, दाखव."

त्याने डोळे मिटले, तोंड छताकडे केलं, हात पसरले. तिने त्याचा चेहरा बोटांनी चाचपला.

"अरे गाढवा, डोळे मिटतोस कशाला? मी मिटते का? आणि वर काय बघतोस? वर माझं काय ठेवलंय?"

"सगळ्या चित्रांत तसंच असतं गं."

"त्या चित्रकारांना म्हणावं, एकदा भांडी घासून बघा." तिने त्याची हनुवटी खाली आणली, मान जराशी वळवली. "कान पुढे. असा. हात पसरू नकोस, पेल्याला बोटांची पाठ लाव. आणि पेल्यात बोट घाल."

"वाइनमध्ये?"

"नाहीतर भरला कधी, कसं कळणार? तू मला रोज ओततोस तेव्हा मी काय करते, बघितलं नाहीस कधी?"

त्याने बघितलं होतं. म्हणूनच त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मी कपडे मोजायचं सोंग करत होते, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बघ रे. तू बघितलंस तर मला काही होत नाही." मग तिने त्याला रात्रीच्या सूपापर्यंत पुन्हा पुन्हा बसवलं, आणि चुकला की वाटाण्याची टरफलं मारली.

शनिवारी सोर लुदोविकोंनी पेल्यातलं ते बोट पाहिलं. सकाळभर नुसता ब्रश चालला. पण दुपारी त्यांचे एक प्रोफेसर मित्र आले, प्राचीन ग्रीकांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेले. चष्मा पुसून म्हणाले, हे चूक आहे. त्या काळचा कवी मुख आकाशाकडे करी, देवांचं गाणं तिथून उतरे. हा तर खानावळीत बसल्यासारखा बसलाय. सोर लुदोविको चित्रातला चेहरा पुसायला फडकं शोधू लागले.

ते चित्र आज म्युनिकमध्ये एका व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात आहे, मान खाली, कान पुढे, बोट पेल्यात. त्यानंतर सोर लुदोविकोंनी दुसरा म्हातारा बघितला नाही. नाझारेनो आणि सेत्तिमिया अजून माझ्या डोक्यावरच्या मजल्यावरच राहतात आणि खुर्च्या सरकवतात. पुढल्या चित्रात तो आंधळा भिकारी आहे, त्याच्या पुढल्यात आंधळा राजा. ह्याला तो बढती म्हणतो.

मॉडेलने काम चालू असताना बोलायचं नसतं. त्या दुपारी मात्र तो मान न हलवता प्रोफेसरांना म्हणाला, "गाणं देव देत असतील, साहेब. पण वाढणारी बाई ह्या बाजूला उभी आहे, आणि हा म्हातारा सकाळपासून उपाशी आहे."